सूचक, अनुमोदक आणि मी

परवाच्या सोमवारी मला संपूर्ण लोकशाही पद्धतीने, हात वर करून घेतलेल्या मतदानाने आणि प्रचंड बहुमताने रांगेच्या शेवटी पाठवण्यात आले. माझी मूळ जागा पत्र्याच्या सावलीत होती आणि नवी जागा ती सावली जिथे संपते त्याच्याही पुढे होती. सोलापूरचे ऊन ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना यापुढे काही समजावण्याची गरज नाही. कार्यालयाचे नाव मी सांगणार नाही, कारण तिथले माझे काम अजून झालेले नाही.

दिवस मात्र सांगण्यासारखा आहे. महिन्याचा पहिला सोमवार आपल्या राज्यात जिल्हा पातळीवर लोकशाही दिन म्हणून पाळला जातो. सामान्य माणसाने आपले गाऱ्हाणे घेऊन थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर जावे, अशी ही सोय आहे, आणि सोय सरकारी असल्यामुळे तिला नियमही आहेत. अर्ज विहित नमुन्यात हवा, तो आधी देऊन ठेवलेला हवा, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी, न्यायप्रविष्ट प्रकरण चालत नाही आणि नोकरीतील गाऱ्हाणी चालत नाहीत. हे सगळे पाळून, दोन प्रती, जोडपत्रे आणि पाण्याची बाटली घेऊन मी उभा होतो. असे सगळे नियम पाळणारा माणूस रांगेत दुरूनही ओळखू येतो आणि त्याच्याच पुढे घुसावे असे लोकांना का वाटते, हा खरे तर समाजशास्त्राचा विषय आहे.

घुसणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, त्यातल्या एकाला टोपण नाही आणि त्याखाली खिशावर शाईचा निळा नकाशा. गळ्यात मात्र निळ्या फितीला लावलेले मतदार ओळखपत्र होते. लोक कंपनीचे किंवा लग्नातल्या केटरिंगचे ओळखपत्र गळ्यात घालतात, हे मी पाहिले होते. मतदार असल्याचे ओळखपत्र लॅमिनेट करून छातीवर मिरवणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. ते बाजूने आले, माझ्या आणि माझ्या पुढच्या माणसाच्या मधल्या वीतभर जागेत त्यांनी आधी आपली फाईल घातली आणि मग फाईलमागून स्वतःला घातले.

"रांग मागे आहे," मी म्हणालो.

"मालक, जरा सरका की," ते अत्यंत प्रेमाने म्हणाले आणि ओळखपत्र उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरले. "मतदार हाय मी."

"इथे सगळेच मतदार आहेत."

"आहेत की. पण निवडणुकीच्या टायमाला बॅनर वाचला न्हाई का तुम्ही? मतदार राजा जागा हो! राजा कधी रांगेत उभारलेला बघितलाय का ओ?"

प्रश्न बिनतोड होता. रांगेत सगळेच राजे असतील तर मग प्रजा कोण, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी खिडकीच्या आतल्या कारकुनाकडे बोट दाखवले. ते बोट डाव्या हाताची तर्जनी होते आणि त्यांनी ते बराच वेळ तसेच उंच धरून ठेवले, कारण पुढचा विषय त्या बोटाचाच होता. "हितं शाई होती," ते म्हणाले. "शाई पण गेली आणि तो पण गेला." लोकसभा-विधानसभेला बोटावर लागणारी ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे, ही माहिती मी त्यांना देणार होतो, पण ज्याला दुःख सांगायचे आहे त्याला माहिती नको असते.

त्यांचे दुःख त्यांच्या अर्जात होते. तो त्यांनी मला वाचायला दिला. अक्षर वळणदार होते, समास सोडलेला होता आणि विषयापुढे लिहिले होते : "दिलेले मत परत मिळणेबाबत."

मी तो विषय पुन्हा वाचला. मग खालचा मजकूर वाचला. महापालिकेच्या निवडणुकीत आपल्याकडे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असतात, त्यामुळे मतदाराला अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार मते द्यावी लागतात. अर्जदाराने 2026 च्या जानेवारीत अशी चार मते दिली होती. त्यांपैकी एक उमेदवार निवडून आला आणि तीन पडले. अर्जदाराचे म्हणणे असे होते की निवडून आलेला उमेदवार फोन उचलत नाही, म्हणून ते मत परत मिळावे. आणि पडलेल्यांना दिलेली तीन मते मुळात वापरलीच गेली नाहीत, ती तर विनाअट परत मिळावीत.

"न वापरलेलं कापड दुकानदार माघारी घेतोय का न्हाई?" त्यांनी विचारले. "बिल असलं तर घेतोच की. आता हितं बिलाचीच बोंब हाय. विधानसभेला त्या काचेआड चिठ्ठी दाखवतात, सात सेकंद, आणि टपकन आत पाडतात. दाखवायची कशाला मग? हातात द्या की! चहाच्या टपरीवर कूपन देतात, आणि सरकार निवडायचं तर पावती न्हाई."

"फोन कशासाठी केला होता तुम्ही?" माझ्या मागच्या एका माणसाने विचारले.

"भाच्याची गाडी उचलली ट्रॅफिकवाल्यांनी. नो पार्किंगमध्ये होती, ते कबूल हाय. पण मी मत दिलंय न्हवं?"

यावर रांगेत जी हळहळ पसरली ती मी विसरणार नाही. एका बाईंनी चक्क चुकचुक केले. कोणाच्या मेव्हण्याचे बांधकाम अडले होते, कोणाच्या जावळाच्या जेवणाला निमंत्रण देऊनही नगरसेवक आला नव्हता, कोणाच्या दारासमोर गतिरोधक झाला नव्हता आणि शेजाऱ्याच्या दारासमोर मात्र झाला होता. जिल्ह्यात उजनीसारखे 117 टीएमसीचे धरण असताना शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, याविषयी त्या रांगेत कोणी अवाक्षर काढले नाही. पाणी सगळ्यांनाच येत नसल्यामुळे त्यात अन्याय असा काही वाटत नसावा. अन्याय म्हणजे दुसऱ्याचा फोन उचलला जाणे आणि आपला न उचलला जाणे.

मत परत मिळत नसते, असे मी एवढ्यात म्हणालो. आमदार-खासदारालाही मुदतीच्या मध्येच परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे मतदाराला नाही आणि पडलेल्या उमेदवाराला दिलेले मत हे वाया गेलेले नसून मोजले गेलेले असते, असेही मी जोडले. माझा आवाज थोडा शिक्षकी झाला असेल, ऊन होते.

गृहस्थांनी फाईल मिटली. "हे तुमचं एकट्याचं मत झालं," ते म्हणाले. "लोकशाहीत एकट्यानं ठरवून चालत न्हाई. आपण विचारू या." आणि रांगेकडे वळून, जणू ग्रामसभा भरली आहे अशा आवाजात, त्यांनी पहिला ठराव मांडला : दिलेले मत परत मिळाले पाहिजे, असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर झाले. दुसरा ठराव त्यांनी त्याच दमात मांडला : जनतेच्या मताविरुद्ध बोलणाऱ्या माणसाने रांगेच्या शेवटी जावे. इथे काही हात रेंगाळले, तेव्हा त्यांनी ठरावाचे आर्थिक परिणाम समजावून सांगितले. "हे गेले की मागचा प्रत्येक माणूस एक-एक नंबरनं पुढं सरकतोय. शिवाय ह्यांची फाईल बघा केवढी हाय. अर्धा तास खातील आत."

यापुढे हात मोजण्याची गरज राहिली नाही. ज्यांना माझ्या जाण्याने काडीचाही लाभ नव्हता असे माझ्या पुढचे चार जणही मागे वळून, केवळ तत्त्वासाठी, हात वर करून उभे होते. फक्त भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी हात वर केला नाही. माझ्या बाजूने कोणीतरी आहे, असे वाटून मी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फुकट हात वर करायची सवय न्हाई बाबा मला."

मी गुप्त मतदानाची मागणी केली. "लपवायसारखं काय हाय त्यात?" असे म्हणून ती फेटाळण्यात आली. मी दारातल्या शिपायाला हाक मारली. रांगेचा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही आणि तक्रार असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा, असे त्याने स्टुलावरून न उठता सांगितले. शेवटी मी राज्यघटनेकडे धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली केशवानंद भारती खटल्यात असे ठरवले आहे, मी म्हणालो, की संसदेला घटना दुरुस्त करता येते, परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. तेव्हा जिथे देशाच्या संसदेचे बहुमत थांबते तिथे या रांगेच्या बहुमताला माझ्या क्रमांकाला हात लावता येणार नाही.

गृहस्थांनी हे फार लक्षपूर्वक ऐकले. "किती जज्ज होते?" त्यांनी विचारले.

"तेरा."

"आणि निकाल कसा लागला?"

खोटे बोलण्याची ती उत्तम संधी होती, पण विहित नमुन्यात वाढलेला माणूस ऐन वेळी खोटे बोलू शकत नाही. "सात विरुद्ध सहा," मी म्हणालो.

"म्हणजे त्यांनी पण हातच वर केले की!" ते ओरडले आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

या विजयाने त्यांना इतिहासाचा कंठ फुटला. सोलापूर हे काय साधे गाव आहे का, असा प्रश्न त्यांनी मला विचारला, जणू मी बाहेरगावचा होतो. "1930 ला आपल्या गावानं इंग्रजाला हाकललं. मार्शल लॉला भ्यालो न्हाई आपण, आणि रांगेला भ्यायचं?" 1930 च्या मे महिन्यात सोलापुरातून इंग्रजांचा अंमल काही दिवस खरोखरच उठला होता, ही आमच्या शहराची सर्वांत मोठी गोष्ट आहे. मात्र त्या दिवसांत इथल्या कार्यकर्त्यांनीच शहराची व्यवस्था स्वतः सांभाळली होती आणि त्यापाठोपाठ आलेल्या लष्करी कायद्यात साधी गांधी टोपी डोक्यावर ठेवणेही धोक्याचे झाले होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांच्या या गावात त्यांचा वारसा पत्र्याच्या सावलीसाठी वापरला जात होता, आणि इतका वेळ जे मला विनोदी वाटत होते ते तिथून पुढे वाटेनासे झाले.

कारण मला वेगळीच गोष्ट आठवत होती. आमच्या महापालिकेची मुदत 2022 साली संपली आणि पुढची निवडणूक 2026 च्या जानेवारीत झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. अंदाजपत्रकापासून गटारापर्यंतचा सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालत होता. मत परत मागणारे हे गृहस्थ तेव्हा कुठे होते, हे मी त्यांना विचारले. मत देण्याची संधीच इतकी वर्षे दिली गेली नाही, त्याबद्दल त्यांनी कधी अर्ज केला होता काय? ते थोडे गोंधळले. "तवा बरं होतं की," ते म्हणाले. "फोन कुणाला करायचा हेच म्हाईत नव्हतं, त्यामुळं न उचलल्याचा राग यायचा न्हाई." रांगेतल्या कोणालाही या उत्तरात काही वावगे वाटले नाही. कोणाचेच त्या वर्षांत काही अडले नव्हते, किंवा अडले असेल तर ते सगळ्यांचे मिळून अडले होते, आणि तशा गाऱ्हाण्याला आपल्याकडे वाली नसतो.

मी उन्हात जाऊन उभा राहिलो. मला वाटले होते की निदान माझ्यापाशी हा प्रकार थांबेल; पण एकदा पद्धत पडली की ती पडली. थोड्याच वेळात रांगेच्या तोंडाशी असलेल्या एका तरुणाविरुद्ध, तो फोनवर मोठ्याने बोलतो म्हणून, ठराव आला आणि मागच्या सगळ्यांनी तो आनंदाने मंजूर केला. तो तरुण घाम पुसत माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने सर्वप्रथम माझ्याविरुद्ध आणखी एखादा ठराव आणता येईल का, याची चौकशी केली.

आपल्या नंबराच्या किती तरी आधी गृहस्थ आत जाऊन आले. त्यांचा अर्ज स्वीकारला गेला होता. "दिलेले मत परत मिळणेबाबत" या ओळीशेजारी आवक विभागाचा गोल शिक्का होता, क्रमांक होता, तारीख होती. माझी पाळी आली तेव्हा साहेब जेवायला गेले होते आणि कारकुनाने माझी फाईल वरून खालपर्यंत चाळून, जोडपत्रांचा क्रम चुकला आहे, असे सांगून परत दिली.

बाहेर ते माझी वाट पाहत थांबले होते. त्यांच्या मनात माझ्याविषयी कसलाही राग नव्हता, हे मला मान्य केलेच पाहिजे. माझे काम काय आहे, हे त्यांनी आस्थेने विचारले आणि मीही थकून सांगून टाकले : एका दाखल्यावर माझ्या वडिलांचे नाव आणि माझ्या मुलाचे नाव यांची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे सरकारदरबारी सध्या मी माझ्या इयत्ता सातवीतल्या मुलाचा मुलगा आहे.

त्यांनी दाखला हातात घेऊन दोन्ही नावे वाचली, मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढंच हाय व्हय? पुढच्या महिन्यात जरा लवकर या मालक. तुमचे वडील कोण, ते आपण रांगेतच बहुमतानं मंजूर करून घेऊ. सूचक मी होतो, अनुमोदन हे पाव्हणे देतील," असे म्हणून त्यांनी माझ्या मागच्या तरुणाकडे पाहिले, आणि त्या तरुणाने फोनवरचे बोलणे न थांबवता हात वर केला.