पांघरुणातला नियमित व्यायाम

हिवाळ्यात व्यायाम टिकवायचा असेल तर सगळ्यात आधी नवे बूट घ्या. जुने अजून चांगले आहेत, हे मला सांगू नका. जुने बूट मागच्या हिवाळ्याचे साक्षीदार असतात, आणि ती साक्ष तुमच्या बाजूने नसते. दुकानातल्या पोरानं ‘सर, रोज किती धावता?’ असं विचारलं तर ‘सध्या पाच, पण वाढवतोय’ म्हणायचं. पाच काय ते तो विचारत नाही. बुटांबरोबर वाऱ्याला अडवणारं जॅकेट घ्या, कान झाकणारी पट्टी घ्या (माकडटोपी नको, ती वडिलांच्या पिढीची) आणि मनगटावर झोपही मोजणारं घड्याळ घ्या. घड्याळात कंजुषी नको, कारण डिसेंबर-जानेवारीत मोजण्यासारखं तेवढंच घडणार आहे.

गजर साडेपाचचा लावायचा. सहाचा लावणारे कच्चे. गजर घरात सगळ्यांना ऐकू जातो, तो बंद करणारा हात मात्र कुणाला दिसत नाही, त्यामुळे ‘आमचे हे साडेपाचला उठतात’ अशी ख्याती चार-आठ दिवसांत आपोआप होते. पुढच्या झोपेला नैतिक अधिष्ठान मिळतं ते वेगळंच.

आता कुणीतरी पंचांग काढेल आणि म्हणेल, २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो, आता कसली सबब? त्याला शांतपणे सांगा की दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या अंगानं. पुण्यात सूर्य वर्षातला सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्याचा हा परिणाम. म्हणजे संक्रांतीला आपण सूर्याच्या नावानं तिळगूळ वाटतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात स्वारी सगळ्यात जास्त लोळते. मग साडेसहाला सूर्यनमस्कार घालायचे ते कुणाला? उत्सवमूर्ती यायच्या आधीच आरती म्हणून टाकणाऱ्यांतले आपण नव्हे.

तरीही नमस्कारांची परंपरा मोडू नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले होते. (औंध म्हणजे साताऱ्याकडचं. पुण्यातल्या औंधात जिम आहेत.) एका नमस्कारात बारा स्थिती. त्यातली पहिली आणि बारावी अगदी एकसारखी, हात जोडून उभं राहायचं. सुरुवात आणि शेवट जुळत असतील तर मधल्या दहांचा आग्रह धरू नये. उभं राहण्याचाही आग्रह नको. हात दुलईत जास्त चांगले जुळतात.

थंडी किती आहे हे मात्र स्वतःच्या अंगाला विचारायचं नाही, बातमीला विचारायचं. पुण्याचं अधिकृत तापमान शिवाजीनगरला मोजतात, सिमला ऑफिसात. हवामान खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं आणि येताना नावही घेऊन आलं. ज्या शहराचा पारा सिमला ऑफिसात मुक्कामाला आहे, तिथल्या माणसाला चौदा अंशांत हुडहुडी भरली तर दोष त्याचा कसा? समजा शिवाजीनगरला बारा, पाषाणला अकरा आणि एनडीएला दहा लागलं, तर दहा हा आकडा आपला, मग राहायला आपण मगरपट्ट्यात का असेना. तेवढ्यानं भागलं नाही तर निफाड आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी हिवाळ्यात कधी ना कधी येतेच. त्या रात्री निफाडचा द्राक्षबागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून जागा असतो. तुम्ही तीच बातमी सकाळी अंथरुणात वाचा आणि कूस बदला. अगदीच आणीबाणी आली तर १७ जानेवारी १९३५ बाहेर काढा. त्या दिवशी पुण्यात १.७ अंश होतं. एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, आणि ते नेमकं आपण फिरायला निघू त्याच दिवशी होणार नाही याची हमी कोण देणार?

मिनेसोटातला भाचा उणे पंधरात धावतानाचा फोटो पाठवेल. भुवयांवर बर्फ वगैरे. त्याला एक अंगठा द्या आणि विषय मिटवा. त्याच्या घरात हीटर आहे, परत गेल्यावर तो उबेत शिरतो. आपल्याकडे थंडी खरी असते ती घरातच. म्हणावं, ये जानेवारीत आणि पहाटे बाथरूमच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून दाखव.

एवढी तयारी झाली की आहाराकडे वळायचं. इथे घाई करू नका, हाच आपल्या साधनेचा गाभा आहे. आधार थेट वाग्भटाचा. अष्टांगहृदयात सांगितलंय की बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानं थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं व्यायाम करावा, एरवी त्याहूनही कमी. या वचनाचे तीन भाग पाडा. ‘स्निग्ध खाणाऱ्या’ ही आज्ञा. ‘अर्ध्या शक्तीनं’ ही सवलत. ‘व्यायाम करावा’ हा पाठभेद. अर्धी शक्ती कशी ओळखावी, तर कपाळाला आणि काखेत घाम फुटेपर्यंत, असं वैद्य सांगतात. दोन दुलया घेतल्या की तो पडल्या पडल्या फुटतो.

आज्ञापालन डिंकाच्या लाडवापासून सुरू होतं. तुपात फुललेला डिंक, खारीक, किसून भाजलेलं सुकं खोबरं, गोडंबी, खसखस, गूळ. मग हळिवाचे, मग मेथीचे (हे कडू असल्यामुळे औषधात धरावेत, खाण्यात धरू नयेत), मग उडदाचे. यातले बरेचसे लाडू मुळात बाळंतिणीसाठी होते, आणि पहाटे गारठ्यात मोट धरणाऱ्या गड्याची भूकही तशीच असायची. लॅपटॉपपुढे बसणाऱ्याचीही झीज भरून निघायला हवी. झीज नक्की कुठे झाली, हे विचारणं असभ्यपणाचं. आता हिशेब बघा. डिंकाच्या एका मध्यम लाडवात दीड-दोनशे कॅलरी सहज असतात, आणि अर्धा-पाऊण तास भरभर चाललं की साधारण तेवढ्याच खर्ची पडतात. म्हणजे लाडू खाऊन चाललात तर बाकी शून्य. शून्यासाठी साडेपाचला कोण उठतं? आपण निदान काहीतरी शिल्लक टाकतो.

पुढे भोगी येते, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. मग गुळाची पोळी, तीवर तूप. सोलापूर-नगरकडे कुणी ओळखीचं असेल तर हुरडा, अलिबागकडे असेल तर पोपटी. हुरड्याला शेतात गेल्यावर गाडीपासून आगटीपर्यंत चालावं लागतं आणि घड्याळ ती पावलं इमानदारीनं नोंदवतं. त्या दिवसाचा व्यायाम झाला असं समजायला हरकत नाही, विशेषतः परतताना वाट जड गेली असेल तर.

रविवारी सिंहगड. गडाच्या माथ्याशी वाहनतळ आहे, तिथवर गाडी जाते. कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. अतकरवाडीकडून पायवाटेनं चढून आलेला एखादा घामाघूम तरुण टेकायला जागा शोधत असेल, त्याला सरकून आपल्या शेजारी बसवा आणि मग फोटो काढा. एकाचा घाम चौकटीतल्या सगळ्यांना पुरतो.

एक जानेवारीला जिमचे पैसे भरायचे, आणि भरायचे ते वर्षाचे. महिन्याचे भरणारा माणूस महिनाअखेर विचार करतो. वर्षाचे भरणारा सुटतो. अपराधी वाटून घेऊ नका. नोंदवलेले सगळे सभासद एकाच सकाळी हजर झाले तर अशा कितीतरी जिममध्ये डंबेलऐवजी एकमेकांना उचलावं लागेल. सगळे येणार नाहीत, या भरवशावरच तो धंदा उभा आहे. तुम्ही तो भरवसा पाळता.

सबबींमध्ये एक सबब खरी आहे, म्हणून ती जपून वापरा. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होऊन तिथेच बसून राहते आणि वर उबदार हवेचा थर येतो. धूळ, गाड्यांचा धूर आणि झाडलोट करणाऱ्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर, हे सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर साचतं. त्यात गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना डॉक्टर ‘ऊन पडल्यावरच बाहेर पडा’ म्हणतात ते उगाच नाही. अडचण एवढीच आहे की याच शास्त्राप्रमाणे उन्हानं जमीन तापली की ही हवा ढवळली जाते, आणि नऊ-साडेनऊनंतर किंवा दुपार कलताना खुशाल चालता येतं. तेव्हा शास्त्र ‘पहाटे प्रदूषण असतं’ इथेच थांबवायचं. संध्याकाळी कुणी आठवण केलीच तर खेदानं म्हणायचं, ‘मी पडलो सकाळचा माणूस.’

कोल्हापूरच्या लोकांपासून चार हात लांब राहा. त्यांच्याकडे थंडी म्हणजे तालमीचा हंगाम. पहाटे पाचला, बाहेर तोंडातून वाफा निघत असताना, पोरं लंगोट लावून जोर-बैठका मारतात, लाल मातीत घुमतात आणि मग बदामाची थंडाई पितात. आपल्याला यातली थंडाई घेण्यासारखी आहे. पण ही माणसं बोलायला लागली की भलतंच पटायला लागतं. ती विचारतात, मेमध्ये ऊन म्हणून नाही, जुलैत पाऊस म्हणून नाही, ऑक्टोबरात उकाडा म्हणून नाही, मग वर्षात उरलं काय? उरले हेच तीन महिने. हवा कोरडी, घाम कमी, दम लवकर लागत नाही. पहाटेचे जे दहा-बारा अंश आपण भीतीनं वाचतो, साधारण तेच मॅरेथॉन पळणाऱ्याला सगळ्यात मानवतात. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून चालत आलीय आणि तिचा रिवाज डिसेंबरचा, मुंबईची जानेवारीत असते, ती काय आयोजकांना मे मोकळा मिळाला नाही म्हणून नव्हे. असं सगळं ऐकून घेतलं की मान डोलवावी आणि तांबड्या-पांढऱ्याचा विषय काढावा. कोल्हापूरकर व्यायाम विसरतो.

राहिला नियमितपणा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. घाबरू नका, मिनिटं आपल्याकडे भरपूर आहेत. मोजा खोलवर उसासा टाकून पाय पांघरुणाबाहेर काढणं, ते परत आत घेणं, मोजे शोधणं. शिवाय सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट. त्यावर रात्री दहाला ‘उद्या तळजाई, नक्की!’, पहाटे शांतता, आठ वाजता ‘कोण कोण आलं होतं?’ आणि त्याखाली हात जोडल्याची सात-आठ चित्रं. नमस्कारांची संख्या इथे भरून निघते.

शेवटचा धोका सोसायटीतले ते काका. प्रत्येक सोसायटीत असतात. पंच्याहत्तरीचे, अंगात बिनबाह्यांचा विणलेला स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, मनगट मोकळं. रोज पर्वती चढून येतात. उन्हाळ्यात पाचला निघतात, पावसात छत्री घेऊन, थंडीत ऊन पडल्यावर, आणि वर त्याबद्दल बोलतही नाहीत, हे फारच लागतं. यांना टाळा. दूध आणायला सातच्या आत जाऊन या, नाहीतर नऊनंतर. लिफ्टमध्ये गाठ पडलीच तर आपणच पुढाकार घेऊन सांगा, ‘काका, थंडी जरा ओसरू दे, रथसप्तमी झाली की येतोच तुमच्याबरोबर.’ ते ‘ये की रे’ म्हणतील. मग फेब्रुवारीत एखाद्या रात्री पंखा एकवर लावावा लागला, की त्यांना सकाळी आठवणीनं कळवून टाका: आता उकडायला लागलं, बघू पाऊस पडल्यावर.