पंधरा दिवस मानेला धरा म्हणे!

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज आमच्या तिन्ही ग्रुपवर फिरतोय, कॉलनीच्या, भजनी मंडळाच्या आणि माहेरच्या. सोबत व्हिडिओ, कोणीतरी पोरगा हिरव्यागार गिरगिटाला मानेमागून धरून उभा आणि मागे धाडधाड म्युझिक. खाली लिहिलंय की गिरगिट चावरा असेल तर रोज अर्धा तास वरून मानेला घट्ट धरून ठेवा, १५ दिवसांत कुत्र्यासारखा माणसाळतो. चावला तर झटक्यात ओढून काढा कारण लाळेत विष असतं. त्याच्याच रंगाचा शर्ट घालून जा म्हणजे तो बिचकत नाही. आणि विकत कशाला घेता, पावसात रस्त्यावर फुकट मिळतो. माहेरच्या ग्रुपवर आमच्या वहिनींनी टाकला आणि मलाच टॅग केलं, "ताई, तुमच्या नानासाठी."

नाना म्हणजे आमचा शॅमेलिऑन, मेसेजातला गिरगिट तोच, रंग बदलणारा सरडा. खरं तर लेकाचा, पण लेक नोकरीला बंगलोरला गेला आणि नाना इंदूरला माझ्या गळ्यात, आता चौथं वर्ष चालू आहे. व्हेल्ड जातीचा नर आहे, ही जात मूळची येमेन आणि सौदीकडची, डोक्यावर उंच तुरा, शेपटी धरून दीड फुटाच्या वर लांब, आणि स्वभाव म्हणाल तर भाडेकरूवर खार खाऊन असलेल्या घरमालकासारखा. पाळीव शॅमेलिऑनांत हीच जात सगळ्यात तापट मानतात. म्हणून म्हटलं यावर मीच लिहावं, कारण यातला मानेला धरायचा मूर्खपणा मी स्वतः केलाय.

तेच आधी सांगते. लेक गेल्यावर पहिल्या महिन्यात मला वाटलं सवय लागली की होईल शांत, म्हणून रोज दुपारी पिंजरा उघडायचा, वरून हात घालायचा, धरायचं आणि मांडीवर घेऊन सिरियल बघायची. पहिले चार-पाच दिवस फुगायचा, गळा फुगवायचा, तोंड उघडून फुस्स करायचा, रंग काळपट. मग एकदम गप्प. मी खूश, आमच्या ह्यांना म्हटलं बघा माणसाळला. माणसाळला कसला, भर दुपारी डोळे मिटून बसायला लागला आणि चार दिवस एक किडा खाल्ला नाही. शेवटी महूच्या वेटर्नरी कॉलेजातून शिकलेले एक डॉक्टर आहेत त्यांच्याकडे नेला, ते पहिलंच वाक्य बोलले की काकू, शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला तर तो शांत नाही, आजारी आहे. हा प्राणी अंगावर येतो तेव्हा घाबरलेला असतो पण धडधाकट असतो, आणि अचानक गरीब झाला की समजायचं त्याने हार मानली. तर मेसेजमधल्या १५ दिवसांचा चमत्कार हा आहे.

वरून का नाही धरायचं? कारण झाडावरच्या ह्या जीवाला वरून येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे शिक्रा नाहीतर कावळा. एक डोळा इकडे एक तिकडे असे दोन्ही वेगवेगळे फिरतात त्याचे, तुमचा हात त्याला तुम्ही दार उघडायच्या आधीच दिसलेला असतो. आणि मानेला धरून फांदीवरून उपटायचा तर आणखी वाईट, त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, एका बाजूला दोन बोटं एका बाजूला तीन, फांदी धरली की सोडत नाही, तुम्ही ओढलं तर नखं आणि बोटं दुखावतात. शेपटी तर ओढायचीच नाही, पालीसारखी तुटून परत येणारी नाही ती.

आम्ही आता काय करतो ते सांगते. हात खालून आणि समोरून, अगदी हळू, त्याच्या पुढच्या पायांच्या जरा पुढे नेऊन आडवा धरायचा आणि थांबायचं. फक्त थांबायचं, म्हणजे आपणच फांदी व्हायचं. चढला तर चढला, नाही चढला तर मागून शेपटीजवळ एका बोटाने जरासं टोचल्यासारखं करायचं, तो आपसूक पुढे पाऊल टाकतो. त्यातूनही फुगला, डुलायला लागला, तोंड उघडलं तर मुकाट्याने हात मागे आणि उद्या बघू. ज्या दिवशी खरंच बाहेर काढायलाच हवा, पिंजरा धुवायचाय किंवा डॉक्टर, त्या दिवशी हात नाहीच, एक खडबडीत वाळकी फांदी ठेवलीय पेरूची, ती पुढे करते, नाना तिच्यावर आणि फांदीसकट खिडकीजवळच्या कुंडीतल्या जास्वंदावर. सगळ्यात चावरा असला तरी फांदीला कोण चावणार? आणि हो, पंखा आधी बंद करा!! इंदूरच्या घरात हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण हा प्राणी नेहमी वर वर चढतो आणि खांद्यावरून डोक्यावर जायला त्याला वेळ लागत नाही. रात्री झोपलेला असताना (झोपेत रंग फिका पडतो) हात लावायचा नाही.

विश्वास बसतो तो खाण्याने. चिमट्यात रातकिडा धरायचा, दार उघडं ठेवायचं, हात लांब. त्याची जीभ शरीराच्या दीडपट तरी जाते त्यामुळे त्याला जवळ यावंच लागत नाही, आणि तेच बरं. नानाने माझ्या हातून पहिला किडा घ्यायला दोन महिने लावले आणि आजही कडेवर घ्या असं काही तो म्हणत नाही, ज्यांना कडेवर घ्यायचंय त्यांनी मांजर पाळावी.

बरं, तोंड उघडलं म्हणजे दरवेळी रागच असं पण नाही, हे मेसेजवाल्याला माहीतच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे गेला की नाना दुपारी तोंड वासून बसतो, तो उकाड्याने, तेव्हा पिंजऱ्यातला उबेचा बल्ब बंद करायचा आणि पानांवर पाण्याचा फवारा मारायचा (वाटीतलं पाणी बहुतेक शॅमेलिऑन पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात). मादी असेल आणि पोटात अंडी असतील तर ती रंग भडक करून कोणालाच जवळ येऊ देत नाही. कात टाकताना चिडचिड वेगळी. आणि पिंजरा काचेचा असेल तर स्वतःचं प्रतिबिंब बघून दिवसभर भांडत बसतो, आमचा हॉलमधल्या आरशाशी भांडायचा, पिंजरा उंचावर आणि आरशापासून लांब सरकवला तेव्हा अर्धा राग कमी झाला. आधी कारण शोधा मग चावरा म्हणा.

विषाचं: विष नाही. शॅमेलिऑनला विषच नसतं, विषय संपला. चावला तर दुखतं, मोठ्या नराने चावलं तर रक्त पण येतं, मला आलंय. पण ओढायचं नाही, कारण त्याचे दात जबड्याच्या हाडावरच चिकटलेले असतात आणि तुटले तर नवीन येत नाहीत, मग जबड्यात पू वगैरे. हात स्थिर ठेवून फांदीजवळ न्यायचा, तो आपणहून सोडून फांदी धरतो. नंतर साबणाने धुवायचं. साबण तर नुसता हात लावला तरी लागतोच, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून लहान पोरांच्या हातात द्यायचा नाही आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ तर मुळीच नाही.

शर्टाचं वाचून मी हसून हसून वेडी झाले. हिरव्यावर ठेवला तर हिरवा, लालवर ठेवला तर लाल, असं ते होतच नाही. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पँथर जातीच्या शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्यांच्या कातडीत बारीक बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो, आणि बदलतो तो मनःस्थितीने, ऊन-थंडीने, समोर दुसरा नर आला म्हणून. पुढाऱ्यांना आपण सरड्याची उपमा देतो ती सरड्यावर अन्याय आहे, तो बिचारा जे वाटतं तेच अंगावर दाखवतो. काळपट पट्टे दिसले तर शर्ट न बदलता दार बंद करा.

शेवटचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रस्त्यावर फुकट मिळतो तो आपला भारतीय शॅमेलिऑन, माझी आजी त्याला सरडगुहिरा म्हणायची, आणि तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, "वाचवायला आणला" म्हणून चालत नाही. परदेशी जातींना पण आता केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, २०२४ मध्ये नियम आलेत, नानाची नोंद लेकाने केलीय आणि कागद माझ्या कपाटात आहे.

रस्त्यावर दिसला तर काय करायचं ते परवाच झालं. इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याकडून येत होतो, नुकताच पाऊस पडून गेलेला, रस्त्याच्या मधोमध एक हिरवा डुलत डुलत चाललेला, दोन पावलं पुढे एक मागे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ह्याची तेवढीही नव्हती. ह्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली, बाभळीची एक काटकी उचलली, पुढच्या पायांसमोर आडवी धरली आणि थांबले. मागून एक भिया (इंदुरी 'भैया') हॉर्नवर हॉर्न देतोय, हे म्हणतायत अगं उचल ना पटकन. नाही उचलला. मिनिटभर फुगून बघत राहिला, मग एक पाय, दुसरा पाय, आणि काटकीसकट पलीकडच्या झुडपात ठेवून आले.