आगीर्रे सेर्दा: मास्तर खरे, बाकीचं तपासून घ्या

चिलीचे राष्ट्राध्यक्ष पेद्रो आगीर्रे सेर्दा यांच्याबद्दल एक मजकूर फिरत असतो. एक गरीब शाळामास्तर वर्गातून थेट राष्ट्राध्यक्ष झाला, कम्युनिस्टांच्या लाटेवर प्रचंड मतांनी निवडून आला, तीन वर्षांत देश साक्षर केला आणि तांब्याच्या खाणी सरकारजमा केल्या. यातलं 'शाळामास्तर' तेवढं बरोबर आहे.

आधी 'वर्गातून थेट' घेऊ. लोस आंदेसजवळच्या पोकुरो गावी १८७९ साली जन्म, १९०० मध्ये स्पॅनिश शिकवण्याची पदवी. पण १९०४ मध्ये ते वकील झाले, १९१५ मध्ये कनिष्ठ सभागृहात निवडून आले, १९१८ मध्ये न्याय व शिक्षणमंत्री, १९२० मध्ये गृहमंत्री, पुढे सिनेटर. १९३८ ची निवडणूक लढवली तेव्हा ते राजकारणात चांगले मुरलेले होते. राहता राहिली गरिबी. तर सांतियागोलगत कोंचालीत त्यांचे द्राक्षमळे होते. लोक त्यांना गमतीनं 'डॉन तिंतो', म्हणजे 'तांबडी वाइनवाले', म्हणत.

'लाट' तर अजिबात नव्हती. २५ ऑक्टोबर १९३८ ला आगीर्रेंना २,२२,७२० मतं पडली, उजव्यांच्या गुस्ताव्हो रॉस यांना २,१८,६०९. फरक ४,१११ मतांचा. आणि ही निसटती मतं आली कुठून, ते मजकुरात कधीच नसतं. ५ सप्टेंबरला सांतियागोत चिलीच्या नाझी पक्षाच्या तरुणांचं बंड फसलं आणि शरण आलेल्या सुमारे साठ जणांना कामगार विम्याच्या इमारतीत गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर नाझींचा पाठिंबा असलेले उमेदवार इबान्येस यांनी माघार घेतली आणि तेव्हाच्या उजव्या सरकारवर चिडलेली ती मतं आगीर्रेंच्या, म्हणजे डाव्यांच्या आघाडीकडे वळली. फॅसिझमविरोधात उभी राहिलेली आघाडी नाझींच्या मतांनी तरली!

'कम्युनिस्ट' म्हणावं, तर आगीर्रे मध्यममार्गी रॅडिकल पक्षाच्या उजव्या गटातले. कम्युनिस्टांसोबत आघाडी करायला त्यांचा सुरुवातीला विरोधच होता. आघाडीत कम्युनिस्ट होते, पण आगीर्रेंच्या मंत्रिमंडळात त्यांचा एकही नव्हता. मात्र १९४१ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणारं विधेयक आलं तेव्हा आगीर्रेंनीच नकाराधिकार वापरून ते रोखलं.

'देश साक्षर केला' हा दावा तारखांपुढेच टिकत नाही. डिसेंबर १९३८ मध्ये ते पदावर आले आणि २५ नोव्हेंबर १९४१ ला क्षयानं वारले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा तर १९२० चा. 'राज्य करणं म्हणजे शिकवणं' ही घोषणा त्यांची, हे खरं. शिक्षणमंत्री असताना त्यांनी कवयित्री गाब्रिएला मिस्त्रालना दक्षिण टोकावरच्या पुंता आरेनासला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून नेमलं, हेही खरं. पण त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत टिकाऊ काम शाळेतलं नाही.

ते काम म्हणजे 'कोर्फो', उद्योगविकास महामंडळ. संसदेत बहुमत विरोधकांचं होतं, एरवी हे विधेयक अडलंच असतं. २४ जानेवारी १९३९ ला चियानचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. सरकारनं पुनर्बांधणी आणि उद्योगविकास एकाच कायद्यात बांधले, म्हणजे भूकंपग्रस्त भागातल्या प्रतिनिधींना नाही म्हणणं जड जावं. २९ एप्रिलला कायदा झाला. त्याच वर्षी शेतमजुरांच्या नव्या संघटना बांधणं सरकारनं थांबवलं. संसदेतल्या जमीनदारांची मतं मिळवण्याची ती किंमत होती, असं इतिहासकार मानतात. शेतमजुरांनी ती मोजली. गुणगान करणाऱ्यांनी हे वगळावं, हे बरोबर नाही.

उरल्या खाणी. कोर्फोच्या पैशासाठी तांबे कंपन्यांवर जादा कर बसला आणि अमेरिकेच्या एक्झिम बँकेकडून कर्ज घेतलं, पण खाणी अमेरिकी कंपन्यांच्याच राहिल्या. राष्ट्रीयीकरण झालं जुलै १९७१ मध्ये, साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष असताना. आयेंदे १९३९ मध्ये आगीर्रेंचे आरोग्यमंत्री होते, घोळ बहुधा तिथेच झाला असावा.