मजुरी नाही तर उपासमार? फिरत्या संदेशातील चार दाव्यांचा प्रतिवाद

12 जूनचा जागतिक बालकामगारविरोधी दिन जवळ आला की दरवर्षी एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: बालमजुरी गरिबीतून येते, म्हणून गरिबी हटेपर्यंत बंदी घालणे म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी काढून घेणे, बांगलादेशात मुलांना कारखान्यांतून काढले तेव्हा ती खडी फोडायला आणि वेश्याव्यवसायाला लागली, घरच्या कामाला हातभार लावून कोणाचे वाईट झालेले नाही, आणि ज्यांनी स्वतःची पोरे गिरण्यांत राबवून श्रीमंती मिळवली, त्या पाश्चात्त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. हे लिहिणाऱ्याला गरिबांविषयी कळवळा आहे आणि म्हणूनच ते चटकन पटते. तरीही यातले एकही विधान पुरते खरे नाही.

बांगलादेशापासून सुरुवात करू, कारण संदेशाचा सगळा भार त्या उदाहरणावर आहे. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी 1992 मध्ये बालकामगारांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते कधीच मंजूर झाले नाही, पण अमेरिकेची बाजारपेठ हातची जाईल या भीतीने 1993 च्या सुमारास बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना घरी पाठवले. ही संख्या 50 हजारांच्या घरात असावी, असा युनिसेफचा अंदाज होता. त्यांतली काही मुले दगड फोडण्यासारख्या अधिक घातक कामांकडे आणि काही वेश्याव्यवसायाकडे ढकलली गेली, हेही युनिसेफनेच नोंदवले आहे. इथवर संदेश खरे सांगतो, आणि नेमका इथेच थांबतो.

पुढे काय झाले? 4 जुलै 1995 रोजी कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. चौदा वर्षांखालील नवे मूल कामावर घ्यायचे नाही, पण आधीपासून कामावर असलेल्या मुलाला शाळेत जागा तयार झाल्याशिवाय काढायचेही नाही. शाळेत गेल्यावर महिन्याला 300 टका विद्यावेतन द्यायचे, आणि शक्यतो त्याच्या जागी घरातल्या प्रौढाला काम द्यायचे, असे त्यात ठरले. विद्यावेतन कारखान्यातील कमाईपेक्षा कमी होते आणि करार होईपर्यंत बहुतेक मुले आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे हा प्रयोग निर्दोष होता असे म्हणता येत नाही. तरीही काही हजार मुले शाळांत दाखल झाली आणि कपड्यांचा उद्योगही बुडाला नाही. म्हणजे 1993 मध्ये घात झाला तो पर्यायाचा विचार न करता मुलांना एका फटक्यात रस्त्यावर आणल्यामुळे. संदेश 1993 सांगतो आणि 1995 गाळतो.

आता गरिबीचा मुद्दा. गरिबी हे बालमजुरीचे मोठे कारण आहे, याविषयी वाद नाही. पण बालमजुरी स्वतःच गरिबी टिकवून धरते. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान या अर्थतज्ज्ञांनी 1998 मध्ये मांडलेला युक्तिवाद असा, की मुले बाजारात असल्यामुळे प्रौढांची मजुरी पडते, ती पडल्यामुळे आईबापांना मुले कामाला लावावी लागतात. मुले सरसकट बाजूला झाली तर प्रौढांची मजुरी कदाचित इतकी चढेल की मुलांना पुन्हा कामाला पाठवण्याची गरजच उरणार नाही. हे सगळीकडे घडेलच असे नाही. आपल्या 1986 च्या बालकामगार कायद्यानंतर मुलांची मजुरी घसरली आणि तूट भरून काढण्यासाठी कुटुंबांनी आणखी मुले कामाला धाडली, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञांनी काढला आहे. कायदा कागदावर ठेवून चार छापे घातले तर असेच होणार. उलट मेक्सिकोने 1997 पासून मुलांच्या शाळेतील हजेरीच्या अटीवर थेट आईच्या हाती पैसे दिले, मोठ्या मुलींसाठी थोडे जास्त दिले, आणि तिथे बालमजुरी कमी झाली. त्यासाठी देश श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागली नाही. आणि उझबेकिस्तानचे काय? तिथे वर्षानुवर्षे शाळा बंद करून मुलांना कापूस वेचायला नेले जाई ते सरकारी हुकमाने, घरात पीठ नाही म्हणून नव्हे. आंतरराष्ट्रीय बहिष्कार आणि देखरेख यांच्या दबावाखाली ती पद्धत मोडली आणि 2022 मध्ये बहिष्कार उठला.

तिसरा दावा मला सर्वांत फसवा वाटतो, कारण ‘आम्हीही शेतात राबलो’ म्हणणारे तो मनापासून करतात. सुट्टीत भुईमूग उपटायला गेलेल्या मुलाला कोणी बालमजूर म्हणत नाही. 2016 ची कायदादुरुस्तीही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या कामाला मुभा देते. पण युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ताज्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात 13.8 कोटी बालकामगार होते आणि त्यांतले सुमारे 61 टक्के शेतीत होते. त्यांच्यातील फार मोठा भाग घरच्यांबरोबरच काम करतो. प्रश्न काम कोणाबरोबर केले याचा नाही, त्यापायी शाळा आणि शरीर यांचे काय झाले याचा आहे.

आपल्याकडची ऊसतोड पाहावी. बीडकडची जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र बहुतेक बुडते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. म्हणून मूल मोळ्या बांधू लागले, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करू लागले किंवा नुसते कोपीत (झोपडीत) धाकट्याला सांभाळू लागले, तरी त्या कोयत्याचा टन वाढतो. उचल लवकर फिटते, पण कारखान्याच्या कोणत्याही वहीत त्या मुलाचे नाव नसते. मुलगी सज्ञान होण्याआधी तिचे लग्न लावले की आणखी एक कोयता तयार होतो, हे तर उघड गुपित आहे. याला हातभार म्हणायचे असेल तर तो टनाचा दर ठरवणाऱ्यांना लागतो. हंगामी वसतिगृहे नीट चालली तर मूल गावीच राहते, शिकते, आणि आईबापांची मजुरी त्या दोघांच्याच कामावर मोजावी लागते.

उरला पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा. हार्किन यांच्या विधेयकामागे स्वस्त आयातीला अडवण्याचा हेतू नव्हताच, असे मी म्हणणार नाही. पण मुलांना कामावरून काढून शाळेत घालणे ही परकी कल्पना आहे, हे साफ चूक आहे. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानात ती अमलात आणली आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात. दरम्यान गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे 1911 चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले, आणि विरोधात मत देणाऱ्यांत तेव्हाचे ब्रिटिश सरकार होते.