जर्मन शेतकरी अनुदान घेत नाही, हे साफ खोटं आहे

‘जर्मनीच्या खेड्यातला शेतकरी अनुदान मागत नाही, रस्ता अडवत नाही, स्वतःच्या मेहनतीवर श्रीमंत होतो, आपले मात्र कर्जमाफीकडे डोळे लावून बसतात,’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरत असतो. सोबत लाल कौलांची घरं आणि हिरव्या कुरणातल्या गाई. आपल्या शेतकऱ्याला हिणवायला तो वापरला जातो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी अनुदान. युरोपीय संघाच्या कृषी धोरणातून तिथल्या शेतकऱ्याच्या खात्यात दरवर्षी हेक्टरी साधारण दीडशे युरो थेट जमा होतात. पर्यावरणाचे नियम पाळावे लागतात, पण बाजारात भाव पडला तरी ही रक्कम थांबत नाही. पहिल्या 60 हेक्टरांवर वेगळी भर मिळते, ती लहान शेतकरी टिकावा म्हणून.

रस्ता अडवत नाहीत? डिसेंबर 2023 मध्ये सरकारने शेतीच्या डिझेलवरची करसवलत काढायचं ठरवलं आणि जानेवारीत गावोगावचे ट्रॅक्टर महामार्गाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. 15 जानेवारी 2024 ला बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. शेतीच्या वाहनांवर कर लावायचा बेत तर सरकारने त्याआधीच गुंडाळला होता.

श्रीमंतीचं म्हणाल, तर 2020 च्या कृषिगणनेत कुटुंबाच्या शेतांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी शेती हा जोडधंदा होता. घर चालतं ते बाहेरच्या पगारावर. 2010 मध्ये तीन लाखांच्या घरात असलेली शेतं दहा वर्षांत 2 लाख 63 हजारांवर आली. धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, 2020 मध्ये सरासरी 63 हेक्टर होतं हे खरं. पण शेजाऱ्याने शेती सोडली की ती जमीन उरलेल्यांकडे जाते, हेही त्यामागचं एक कारण आहे.

‘स्वतःच्या मेहनतीवर’ हे तर त्या गावांच्या इतिहासालाच धरून नाही. 1846-47 च्या हिवाळ्यात वेस्टरवाल्ड भागात उपासमार आली, तेव्हा वायरबुश गावाचे प्रमुख होते फ्रीडरिश विल्हेल्म राइफआयझन. त्यांनी ऐपतदारांकडून पैसे गोळा करून गावासाठी भट्टी उभारली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे 1864 मध्ये हेडेसडोर्फला त्यांनी पतसंस्था काढली: सभासद त्याच परिसरातले, एकमेकांना ओळखणारे, आणि कर्ज बुडालं तर जबाबदारी सगळ्यांची. सावकाराच्या तावडीतून तिथली खेडी सुटली ती अशा संस्थांमुळे. आजही कितीतरी गावांत खत, बियाणं आणि धान्याचं गोदाम राइफआयझनच्याच नावाने चालतं.

ब्रिटिश काळात मद्रास सरकारने आपले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांना याच पतसंस्थांचा अभ्यास करायला पाठवलं होतं. त्यांच्या अहवालानंतर, 1904 मध्ये, हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या गावातली विकास सोसायटी, जिथून खरिपाचं पीककर्ज मिळतं, तिचं मूळ तिथेच आहे.