‘निर्धोक’ हा शब्द मी मागे घेतो

ताई,

एमआर अँजिओ, म्हणजे चुंबकाच्या मशीनने काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रं, ‘निर्धोक’ आहे असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या तुमच्या सहा वर्षांच्या भाच्याची भूल देऊन मेंदूची एमआर अँजिओ केली, रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा रिपोर्ट आला आणि घर हादरलं. तीन आठवड्यांनी दुसरीकडे पुन्हा भूल, पुन्हा तीच तपासणी, आणि वाहिनी चांगली निघाली. ‘तुम्ही याला निर्धोक म्हणता? त्यापेक्षा सीटी केली असती तर?’ असं तुम्ही विचारलंत.

राग रास्त आहे. क्ष-किरण नाहीत, एवढंच डोळ्यांपुढे ठेवून मी तो शब्द लिहिला. पण त्या बदल्यात मुलाला बराच वेळ निश्चल पडावं लागतं, तेही मशीनच्या खडखडाटात. तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच तपासता येतं. सहा वर्षांच्या पोराला ती सोय नाही. म्हणून भूल, आणि भुलेसाठी उपास. एकदा दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलेची मला फारशी धास्ती वाटत नाही. दुसऱ्यांदा द्यावी लागली, हे मात्र खुपतं.

फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, पण असं का होतं ते सांगतो. औषध न टोचता केलेल्या एमआर अँजिओत वाहिनीची भिंत दिसतच नाही, दिसतं ते वाहतं रक्त. मशीन एकाच पट्ट्यावर लहरींचा मारा करत राहतं, तिथला स्थिर भाग थकून काळा पडतो आणि बाहेरून नव्याने आलेलं ताजं रक्त पांढरं चकाकतं. सिकलसेलच्या मुलात रक्त कमी, म्हणून हृदय ते जोरात ढकलतं. मेंदूच्या तळाशी, मानेतून वर रक्त नेणारी कॅरोटिड वाहिनी इंग्रजी ‘एस’सारखी वळते. पूर आलेल्या नदीला वळणावर भोवरे पडतात, तसे तिथे पडतात, आणि भोवऱ्यातल्या रक्ताची चकाकी हरवते. चित्रात तेवढीच जागा चिंचोळी दिसते. नुसतं जोडून तयार केलेलं त्रिमिती चित्र न पाहता मूळ काप, म्हणजे एकेका पातळ थराची चित्रं, एकेक करून पाहिले, तर ही फसगत बरीचशी टळते. ते पाहणं रिपोर्ट लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझ्यासारख्यांचं, काम आहे.

सीटीबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. ती काही सेकंदांत होते, खरं. पण या मुलाला पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, आणि दर वेळी क्ष-किरण नकोत. पहिली पायरी डोक्याची डॉपलर सोनोग्राफी; ती मेंदूच्या वाहिन्यांतल्या रक्ताचा वेग मोजते, आणि तिला भूल लागत नाही. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर पक्षाघाताचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८च्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. २०१६मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : किमान वर्षभर रक्त दिल्यानंतर, एमआर अँजिओत वाहिन्या फारशा बिघडलेल्या नसतील, तर रक्त थांबवून हायड्रॉक्सियुरिया या औषधावर जाता येतं. म्हणजे खोटं अरुंदपण दिसलं तर एखादं पोर विनाकारण महिन्यामहिन्याला रक्ताच्या बाटलीला बांधलं जाऊ शकतं, आणि अंगात लोह साठतं ते वेगळंच. विदर्भात अशी मुलं थोडी नाहीत.

मूळ लेखातून तो शब्द आज काढला आहे आणि भुलेचा परिच्छेद घातला आहे. दोन्ही तपासण्यांच्या सीडी जपून ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू होण्याआधीच त्या तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि आधी काय झालं ते सांगा.