पाचशे इंतीची नोट आणि साडेसात लाखांची थाप

‘पेरू देशाची ५०० इंतीची नोट घरात असेल तर साडेसात लाख रुपये मिळतील’ असा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. सोबत नोटेचा फोटो, रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह आणि एक मोबाइल नंबर. दावे असे: नोट अत्यंत दुर्मिळ आहे, ती इन्का राजाच्या काळातली, अडीचशे वर्षं जुनी आहे, नुसती बदलून घेतली तरी आजच्या दराने साडेबारा हजार रुपये होतात, नंबरात ७८६ असेल तर दुप्पट भाव, आणि हा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने होतो, फक्त नोंदणीचे २,४९९ रुपये आधी भरायचे.

माझे मामा बोटीवर होते. कोकणातल्या अशा कितीतरी घरांत परदेशी नोटा जुन्या पाकिटांत, ट्रंकांत पडून आहेत. मामीकडे नेमकी हीच नोट आहे आणि तिने पैसे भरायची तयारीही केली होती. म्हणून हे सगळं लिहावं लागतंय.

आधी ते साडेबारा हजार. पेरूचं आजचं चलन सोल. एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये. मेसेज लिहिणाऱ्याने पाचशेला पंचवीसने गुणलं आणि मोकळा झाला. पण नोट सोलची नाही, इंतीची आहे! इंती १९८५ मध्ये आली आणि १९९१ मध्ये गेली. जाताना दर काय ठरला होता? दहा लाख इंती बरोबर एक नवा सोल. म्हणजे ५०० इंती म्हणजे एका सोलचा दोन हजारावा भाग. पंचवीस रुपयांना दोन हजाराने भागा. सव्वा पैसा येतो. साडेबारा हजार कुठे आणि सव्वा पैसा कुठे.

हे असं का झालं तेही सांगते, कारण ‘दुर्मिळ’ या दाव्याचं उत्तर त्यातच आहे. आलान गार्सिया राष्ट्राध्यक्ष असताना पेरूत महागाई हाताबाहेर गेली. १९९० साली ती वर्षाला सात हजार टक्क्यांच्या वर होती. त्या जुलैत फुजिमोरी सत्तेवर आले आणि ८ ऑगस्टच्या रात्री त्यांचे पंतप्रधान उर्तादो मिलर यांनी टीव्हीवरून नवे भाव जाहीर केले. नऊ हजार इंतीचा एक पाव दुसऱ्या दिवसापासून पंचवीस हजारांना. एका पावासाठी पाचशेच्या पन्नास नोटा मोजायच्या! मध्यवर्ती बँक मोठ्या-मोठ्या रकमेच्या नोटा काढत गेली. १० इंतीपासून सुरुवात झाली होती, शेवटची नोट पन्नास लाखांची निघाली. मधल्या छोट्या नोटांना कोणी विचारेना, आणि त्या ढिगाने उरल्या. आजही न वापरलेल्या, कोऱ्या करकरीत ५०० इंतीच्या नोटा विक्रेत्यांकडे शंभराच्या बंडलांनी मिळतात. दुर्मिळ म्हणतात ते याला नव्हे. एक नोट घ्यायला वडापाव आणि चहाला लागतात त्याच्या आसपास पैसे लागतात. ज्यांची आयुष्यभराची बचत या नोटांत होती, त्या पेरूच्या माणसांच्या हाती काहीच लागलं नाही, आणि त्याच नोटेवर इथे आपल्या माणसांना लुबाडलं जातंय, याचा मला फार राग येतो.

अडीचशे वर्षांचा दावा तर नोट हातात धरली की संपतो. मामीच्या नोटेवर स्पॅनिशमध्ये स्वच्छ छापलंय: लिमा, २६ जून १९८७. रुंद काठाची टोपी घातलेला जो माणूस दिसतो तो तुपाक आमारू दुसरा. त्याने १७८० मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला आणि १७८१ मध्ये कुस्कोला त्याला ठार मारण्यात आलं. चित्रातला माणूस जुना म्हणून नोट जुनी होत नाही. आपल्या नोटांवर शिवाजी महाराज छापले तर त्या काय सतराव्या शतकातल्या ठरतील?

७८६ची हौस आपल्याकडची. आपल्या रुपयाच्या नोटेला त्यापायी थोडे जास्त पैसे देणारे भेटतातही. पेरूच्या नोटेसाठी त्याला कोणी दुप्पट देत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही परदेशी नोटांना खरंच चांगली किंमत येते. सगळे आकडे सारखे असलेला नंबर, छपाईतली ठळक चूक, बँकेने काढलेली नमुना-नोट, किंवा मुळातच कमी छापलेली आणि एकही घडी न पडलेली नोट. याच मालिकेतली पन्नास लाखांची नोटही पाचशेच्या नोटेपेक्षा महाग मिळते. पण हे सगळं नोट प्रत्यक्ष पाहून, कडा-कोपरे तपासून ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून साडेसात लाख कोणी देत नाही.

आता रिझर्व्ह बँक. हा दावा सगळ्यांत घातक, कारण मामी भुलली ती त्या बोधचिन्हाला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याच प्रकाराबद्दल जाहीर पत्रक काढलंय. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत काही लोक बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन, कर मागताहेत. बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कसलंही शुल्क घेत नाही आणि आपल्या वतीने ते घ्यायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं? तरी पटत नसेल तर त्या नंबरवाल्याला एवढंच म्हणा, ‘तुमचे २,४९९ माझ्या साडेसात लाखांतून कापून घ्या, बाकीचे पाठवा.’ मामीला मी हेच करायला लावलं. त्याने आधी जीएसटीचं कारण सांगितलं, मग ‘फाइल बंद होईल’ म्हणून दम दिला, मग ब्लॉक केलं. एकदा पैसे भरले की नोंदणीमागून जीएसटी, त्यामागून विमा, असं उकळणं चालूच राहतं. कोणी भरून बसलं असेल तर लाजू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

नोट असेल तर ती जपाच. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, इस्त्री फिरवू नका. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा. आणि आवड लागलीच तर इंतीच्या दहापासून पन्नास लाखांपर्यंतच्या बाराही नोटा जमवा. त्यातल्या बहुतेक अगदी स्वस्तात मिळतील.